‘बघू’चे ४९ दिवस : जामीन राहण्याच्या एका मागणीचे प्रकरण

मावसभावाने जामीन राहायला सांगितले. थोरला भाऊ म्हणाला, “बघू, काळजी करू नको.” त्यानंतर स्पष्ट ‘नाही’ यायला ४९ दिवस लागले. त्या दिवसांत काय बिघडले, कुठे थांबवता आले असते आणि शेवटी नकार कसा दिला गेला, ते इथे क्रमाने मांडले आहे. हे प्रकरण कोणा एका घराचे नाही. पतसंस्थांच्या कर्जप्रकरणांत पुन्हा पुन्हा दिसणारे धागे घेऊन ते उभे केले आहे. माणसे, रकमा आणि दिवस रचलेले आहेत. कायदा, हप्त्यांची आकडेमोड आणि पतसंस्थेची पद्धत आहे तशी घेतली आहे.

मागणी काय होती

पश्चिम महाराष्ट्रातले तालुक्याचे गाव. थोरला भाऊ अनुदानित माध्यमिक शाळेत शिक्षक, वय ४४, हाती येणारा पगार ६१,००० रुपये. मावसभाऊ त्याच्याहून नऊ वर्षांनी लहान. त्याचे फॅब्रिकेशनचे वर्कशॉप आहे: गेट, ग्रिल, जिने, पत्र्याचे शेड. पत्रा वाकवून घ्यायला त्याला दर वेळी दुसरीकडे जावे लागे, म्हणून स्वतःचे हायड्रॉलिक बेंडिंग मशीन घ्यायचे आणि शेड वाढवायचे, असा बेत होता. नागरी पतसंस्थेकडे ८ लाखांचे कर्ज, १३ टक्के व्याज, ६० हप्ते. संस्थेची अट अशी की दोन जामीनदार हवेत आणि त्यातला एक पगारदार हवा.

पगारदारच का? पगार दर महिन्याला ठरल्या दिवशी येतो आणि तो कुठून येतो हे संस्थेला ठाऊक असते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ४९ प्रमाणे सभासद आपल्या पगारातून संस्थेची रक्कम परस्पर कापून देण्याचा करार करू शकतो. म्हणून जामीनदाराला आधी नाममात्र सभासद करून घेतात, मग पगार कपातीचे संमतीपत्र आणि त्यावर मुख्याध्यापकांची सही मागतात. दुसरा जामीनदार सहसा शेतकरी किंवा दुकानदार असतो. कागदावर दोघांची जबाबदारी सारखीच. कर्ज थकले की संस्थेचा पहिला फोन मात्र पगारदाराला जातो.

तुळशीच्या लग्नाला सगळे मावशीकडे जमले होते. मावसभावाने अंगणातच विषय काढला.

“दादा, पतसंस्थेत पगारदार जामीन लागतोय. तुझंच नाव डोक्यात आहे.”

“बघू. कागदबिगद काय लागतात ते विचार. काळजी करू नको.”

संभाषण एवढेच.

एका वाक्याचे दोन अर्थ

या वाक्याशी थांबायला हवे, कारण पुढचे सगळे यातूनच निघाले.

आपल्याकडे ‘बघू’ हा शब्द नकारासाठीच जास्त वापरला जातो. शिक्षकाच्या मनातही तो तसाच होता: आत्ता चारचौघांत नाही म्हणायला नको, पुढे विषय आपोआप मागे पडेल. पण त्याने दोन गोष्टी जोडल्या. ‘कागद काय लागतात ते विचार’ हे काम सांगणे झाले. ज्याला नाही म्हणायचे त्याला कोणी काम सांगत नाही. आणि ‘काळजी करू नको’ हा तर होकारच. मागणाऱ्याने ‘बघू’ हा शब्द ऐकलाच नाही, उरलेली दोन वाक्ये ऐकली. चूक त्याची नाही. पैशाची गरज असलेला माणूस संदिग्ध उत्तरातला आपल्या सोयीचा भाग उचलतो. मोघम बोलणाऱ्याने हे धरूनच चालायला हवे.

शिक्षकाला फसवायचे होते असेही नाही. त्याला भीड पडली होती. आई लवकर गेल्यावर मावशीनेच त्याचे केले होते, अंगण मावशीचे होते आणि मागणारा तिचा मुलगा होता. भीड ही भिकेची बहीण, ही आपल्याकडची म्हण जामीन राहण्यालाही लागू पडते. पण इथे भिडेने पहिला फटका दिला तो भीड धरणाऱ्याला नव्हे, मागणाऱ्याला.

सहाव्या दिवशी मावसभावाने अर्जात दादाचे नाव लिहिले. नवव्या दिवशी मशीनच्या विक्रेत्याला ७५,००० रुपये इसार दिला, कारण कोटेशनचा भाव ३० दिवसच टिकणार होता. पोल्ट्रीच्या दोन शेडचे काम त्याने याच मशीनच्या भरवशावर अंगावर घेतले. यातले काहीही शिक्षकाला ठाऊक नव्हते. त्याच्या लेखी विषय अजून ‘बघू’वरच होता.

खोट्या कारणाची अडचण

पंधराव्या दिवशी पतसंस्थेतून फोन आला: पगारपत्रक, ओळखपत्र, दोन फोटो, संमतीपत्र. उत्तर: “पुढच्या आठवड्यात देतो.” बाविसाव्या दिवशी मावसभाऊ स्वतः घरी आला, तेव्हा शिक्षक म्हणाला, “आमचे मुख्याध्यापक कपातीच्या पत्रावर सही देत नाहीत.”

हे खोटे होते. त्याने मुख्याध्यापकांना विचारलेच नव्हते.

खोटे कारण नैतिकदृष्ट्या वाईट आहेच, पण त्याची व्यावहारिक अडचण त्याहून मोठी आहे. कारण सांगितले की समोरचा ते सोडवायला निघतो. तसे करण्याचे निमंत्रणच आपण त्याला दिलेले असते. मावसभावाने संस्थेच्या एका संचालकाकरवी मुख्याध्यापकांकडे शब्द टाकला. तिथे कळले की गेल्याच महिन्यात त्यांनी दुसऱ्या एका शिक्षकाच्या तशाच पत्रावर सही दिली होती आणि हे पत्र त्यांच्यापुढे आलेच नव्हते. एकोणतिसाव्या दिवशी हे उघड झाले. मुख्याध्यापकांपुढे शिक्षक खोटा ठरला, मावसभाऊ दुखावला आणि कारण तर संपलेच. आता सही न करायला काही उरले नाही, असे मावसभावाने धरले. त्याच्या बाजूने ते बरोबरच होते. अडथळा एकच सांगितला होता, तो दूर झाला.

मग दुसरी ढाल पुढे आली. पस्तिसाव्या दिवशी शिक्षक म्हणाला, “तुझी वहिनी तयार नाही.”

हे अर्धे खरे होते. तेहतिसाव्या दिवशी त्याने पहिल्यांदा बायकोला सांगितले. तिने विचारले, “किती वर्षं? आणि आपल्या घराचं काय?” तिने नकार दिला नव्हता, प्रश्न विचारले होते. पण निरोप नकाराचा गेला आणि तिच्या नावावर गेला. आमच्या मते या प्रकरणातली सगळ्यात वाईट चूक हीच. कारण खोटे निघाले तर लोक चार महिन्यांत विसरतात. सुनेने भावाभावांत मोडता घातला हे वाक्य मात्र दोन पिढ्या चालते. तिला तर नीट माहितीही दिलेली नव्हती. एकेचाळिसाव्या दिवशी मावशी घरी आली आणि शिक्षकाशी नव्हे, तिच्याशी बोलली. “तुम्हाला आमचं एवढंही करवत नाही का,” हा प्रश्न जिने कोणाला शब्दच दिला नव्हता तिला ऐकावा लागला.

कागदावर मांडलेली रात्र

कर्ज समितीची बैठक पुढच्या आठवड्यात आहे, असा निरोप ४७ व्या दिवशी आला. ४८ व्या रात्री नवरा-बायको वही घेऊन बसले. हे काम दुसऱ्याच दिवशी करायचे होते, आणि ते तासाभराचे होते.

पहिला आकडा हप्त्याचा. ८ लाख, १३ टक्के, ६० महिने: हप्ता साधारण १८,२०० रुपये. पाच वर्षांत मिळून सुमारे १०,९२,००० रुपये फेडायचे.

दुसरा हिशेब घराचा. किराणा, वीज, गॅस, पेट्रोल आणि इतर घरखर्च २८,००० रुपये, मुलीची फी आणि शिकवणी महिन्याला ४,५००, वडिलांची औषधे ३,०००, विम्याचे हप्ते २,८००. एकूण ३८,३००. उरतात २२,७००. यातून पुढच्या वर्षी स्वतःच्या बांधकामासाठी २२ लाखांचे घरकर्ज घ्यायचे ठरले होते. साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी त्याचा हप्ता साधारण १९,१०० येतो. मावसभावाचा हप्ता एकटा आला तर महिन्याला ४,५०० उरतात. दोन्ही आले तर १४,६०० कमी पडतात.

तिसरा आकडा बहुतेक लोक काढतच नाहीत, तो म्हणजे अंगावर येणारी एकरकमी बाकी. समजा मावसभावाने १८ हप्ते नियमित भरले आणि मग धंदा बसला. त्या वेळी मुद्दल बाकी साधारण ६,१२,००० रुपये असेल. संस्थेची नोटीस, वसुलीचा दाखला, अंमलबजावणी यांत दोन वर्षे गेली तर सरळव्याजाने १३ टक्क्यांप्रमाणे १,५९,००० आणि २ टक्के दंडव्याज धरले तर आणखी २४,५०० चढतात. जवळपास ७,९५,००० झाले, वसुलीचा खर्च वेगळा. म्हणजे दीड वर्ष प्रामाणिकपणे हप्ते गेल्यावरही जामीनदाराच्या दारात येणारी रक्कम मूळ ८ लाखांच्या आसपासच असते. ‘निम्मं तर फिटलेलं असेल’ ही समजूत चुकते ती इथे. सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा मोठा असतो. पहिल्या १८,२०० च्या हप्त्यात ८,६६७ रुपये व्याज असते.

सही म्हणजे नेमके काय

‘नुसती सही तर आहे’ हे वाक्य दोन्ही बाजूंनी बोलले जाते. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे काही ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. अर्धी नाही, ‘त्याने नाही दिले तर मग बघू’ अशी दुय्यमही नाही. आधी कर्जदाराची मालमत्ता विका, मग माझ्याकडे या, असे म्हणायची सोय नाही. बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद (निकालसंग्रह एआयआर १९६९) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे.

सहकारी संस्थेची वसुली दिवाणी दाव्याच्या वाटेने जात नाही. संस्था सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली निबंधकांकडे अर्ज करते. नोटिसा कर्जदार आणि जामीनदार दोघांनाही निघतात. सुनावणीनंतर वसुली दाखला मिळतो आणि कलम १५६ व नियम १०७ प्रमाणे वसुली अधिकारी जप्ती आणि लिलावापर्यंत जाऊ शकतो. दाखल्याविरुद्ध फेरतपासणी मागायची असेल तर कलम १५४ प्रमाणे येणे रकमेच्या ५० टक्के आधी संस्थेकडे भरावे लागतात. वरच्या हिशेबात ते ४ लाखांच्या घरात जातात. म्हणून नोटीस आली की पहिल्याच सुनावणीला हजर राहून लेखी म्हणणे देणे महत्त्वाचे. ‘कर्ज माझं नाही, मी कशाला जाऊ’ म्हणत घरी बसलेले जामीनदार इथेच फसतात.

जामीनदाराकडून सही केलेले कोरे धनादेश घेण्याचीही पद्धत आहे. तो धनादेश वटला नाही तर परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली फौजदारी तक्रार होऊ शकते. जामीनदाराचा धनादेशही या कलमात येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने आयसीडीएस लिमिटेड विरुद्ध बीना शबीर (२००२) मध्ये सांगितले आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, धनादेशाच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आणि मागे फिरता येत नाही, ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. करार कायद्याच्या कलम १३० मधली जामीन मागे घेण्याची तरतूद चालू राहणाऱ्या हमीसाठी, म्हणजे एकाच हमीवर व्यवहार होत राहतात त्यासाठी आहे, तीही पुढच्या व्यवहारांपुरती. एकदा वाटप झालेल्या मुदत कर्जातून नोटीस देऊन बाहेर पडता येत नाही. संस्थेची संमती आणि तिला मान्य होईल असा बदली जामीनदार लागतो. नात्यांतली बरीच आश्वासने निभावता निभावता सैल करता येतात. या आश्वासनाला तशी जागा नाही. म्हणूनच इथे उत्तर आधीच पक्के असावे लागते.

पैसे भरावे लागलेच तर कलम १४५ प्रमाणे ते कर्जदाराकडून परत मागण्याचा हक्क आहे. दुसऱ्या जामीनदाराकडून कलम १४६ प्रमाणे त्याचा समान वाटाही मागता येतो. तो हक्क वापरायचा म्हणजे मावशीच्या मुलावर दावा लावायचा. वहीत या ओळीपाशी दोघेही बराच वेळ थांबले.

शेवटी त्यांनी प्रश्न असा ठेवला: उद्यापासून हा हप्ता आपणच भरायचा आहे असे धरले, तर आपण सही करू का? मावसभाऊ बुडवेल की नाही, हा प्रश्न बाजूला ठेवला. तो बुडवणारा नाही, हे दोघांनाही माहीत होते. पण त्याच्या धंद्यात गिऱ्हाईक सहा सहा महिने पैसे थकवते, तिथे हप्ता फक्त त्याच्या सचोटीवर चालणार नव्हता. उत्तर ‘नाही’ आले, दोघांचेही.

नकार कसा दिला

फोनवर नाही, निरोपाने नाही, समारंभात नाही. ४९ व्या दिवशी संध्याकाळी सातनंतर कामगार गेल्यावर शिक्षक एकटाच वर्कशॉपवर गेला. काय बोलायचे ते त्याने आधी लिहून काढले होते. क्रम महत्त्वाचा होता: आधी उत्तर, मग स्वतःची चूक, मग कारण आणि शेवटी काय करू शकतो ते. हा क्रम उलटला, म्हणजे आधी घरच्या अडचणी आणि मग उत्तर असे झाले, तर समोरचा प्रत्येक अडचणीवर तोडगा सुचवत राहतो आणि उत्तर बाजूलाच राहते.

“मी जामीन राहणार नाही. हे मी तुळशीच्या लग्नादिवशीच सांगायला पाहिजे होतं. मुख्याध्यापकांचं कारण खोटं होतं. तुझी वहिनी तयार नाही म्हणालो, तेही खरं नव्हतं. नाही मी म्हणतोय. हा हप्ता माझ्यावर आला तर मला तो झेपत नाही. माझ्या भरवशावर तू इसार दिलास, त्यात जे बुडेल ते मी देणार.”

मावसभावाने विचारायचा तोच प्रश्न विचारला. “म्हणजे माझ्यावर विश्वास नाही?”

“तुझ्यावर आहे. पण तुझं गिऱ्हाईक पैसे कधी देईल ते तुझ्या हातात नाही, आणि माझ्या पगारात तो हप्ता बसत नाही.”

“मग इतके दिवस का लटकवलंस?”

“तोंडावर नाही म्हणायचं धाडस झालं नाही. चूक माझी.”

मावसभाऊ बोलायचा थांबला. शिक्षकानेही पुढे काही जोडले नाही. नकारानंतरच्या शांततेत माणूस घाबरून ‘तरी बघू, अजून काही करता येतं का’ असे म्हणून टाकतो आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. तिथून तो थेट मावशीकडे गेला आणि तेच सांगितले. बायकोचे नाव यातून काढून टाकणारे वाक्य दोनदा सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी पतसंस्थेत जाऊन ‘या कर्जास मी जामीनदार राहणार नाही, अर्जातील माझे नाव कमी करावे’ असे दोन ओळींचे पत्र दिले आणि पोच घेतली. तोंडी सांगून चालत नाही. अर्जात नाव तसेच राहिले तर महिन्याने पुन्हा कागद मागायला फोन येतो. त्याने कुठल्याही कागदावर सही केलेली नव्हती, म्हणून हे इतके सोपे झाले.

भरपाई वेगळी, मदत वेगळी

इथे एक बारकावा आहे. विक्रेत्याने ७५,००० पैकी २०,००० कापून ५५,००० परत केले. ते २०,००० शिक्षकाने भरून दिले. ही मदत नव्हती, स्वतःच्या मोघम शब्दामुळे झालेले नुकसान होते, म्हणून ती रक्कम परत मागायची नव्हती.

मदत म्हणून त्याने वेगळे ६०,००० रुपये बिनव्याजी दिले. आकडा कसा ठरला? घरात बाजूला असलेल्या दीड लाखातून सहा महिन्यांच्या औषधांचे, फीचे आणि अडीअडचणीचे पैसे काढून ठेवल्यावर जे राहिले त्यातून. आणि कसोटी एकच: ही रक्कम परत आलीच नाही तर आपण त्याच्याकडे पूर्वीसारखे जेवायला जाऊ का? ६०,००० ला दोघांनी हो म्हटले, एक लाखाला नाही. पैसे बँकेतून दिले. आयकर कायद्याप्रमाणे २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने उसनी घेता येत नाही, आणि खात्यावरची नोंद हाच पुढे सर्वांत साधा पुरावा असतो. एका कागदावर रक्कम, तारीख, सहा तिमाही हप्ते प्रत्येकी १०,००० आणि दोघांच्या सह्या. नात्यात चिठ्ठी मागायला संकोच वाटतो, पण ती अविश्वासाची खूण नाही. मुदत आणि हप्ता दोघांच्या डोक्यात वेगवेगळा राहू नये, एवढ्यासाठीच ती असते.

होकार द्यायचाच असता तर

पगार जास्त असता किंवा घरकर्ज नसते, तर उत्तर वेगळे येऊ शकले असते, आणि तो होकारही तेवढाच ठाम असायला हवा होता. होकारातला प्रामाणिकपणा कागदांत दिसतो. जामीनपत्र छापील असले तरी पूर्ण वाचावे, रिकाम्या जागा आपल्यासमोर भरून घ्याव्यात, प्रत मागावी. जामीन ठरावीक रकमेपुरती मर्यादित करता येईल का, हे विचारावे. बहुतेक संस्था छापील मसुदा बदलत नाहीत, पण कायद्याने तसे ठरवायला आडकाठी नाही. कोरा धनादेश देण्याऐवजी रक्कम आणि तारीख लिहून द्यावा, तेही संस्थेने आग्रह धरला तरच. यंत्र संस्थेकडे तारण आहे का, ते पाहावे. करार कायद्याच्या कलम १४१ प्रमाणे जामीनदाराच्या संमतीशिवाय संस्थेने तारण सोडले तर त्या किमतीपुरता जामीनदार सुटतो. दर तीन महिन्यांनी कर्जखात्याचा उतारा कर्जदाराकडून घ्यायचा, हे सहीच्या आधीच ठरवून टाकावे. दोन हप्ते थकल्याचे दोन महिन्यांत कळले तर ३६,४०० रुपयांचा प्रश्न असतो, दोन वर्षांनी कळले तर आठ लाखांचा. आणि कर्ज बँकेचे असेल तर जामीनदाराच्या पतअहवालातही त्याची नोंद येते. स्वतःच्या घरकर्जाच्या वेळी बँक त्याबद्दल विचारणा करते.

‘हो’ म्हणून मग कागद द्यायला टाळाटाळ करणे, हा या प्रकरणाचाच दुसरा प्रकार आहे.

नंतर काय झाले

मावसभावाने पतसंस्थेचा अर्ज मागे घेतला. उद्यम नोंदणी, बारा महिन्यांचे बँक उतारे आणि नवे कोटेशन घेऊन तो राष्ट्रीयीकृत बँकेत गेला. मुद्रा योजनेतल्या ‘किशोर’ गटात ५ लाखांपर्यंत कर्ज मिळते आणि त्याला तारण लागत नाही. त्याला साडेचार लाख मंजूर झाले, पाच आठवड्यांत. नवे मशीन त्यात बसत नव्हते, म्हणून वापरलेले घेतले. शेड वाढवण्याचे राहिले. ही वाट त्याला तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशीही मोकळी होती. दादा आहे म्हणून तो तिकडे फिरकलाच नाही. पोल्ट्रीच्या दोन शेडचे काम मात्र हातचे गेले, कारण त्या मालकाला उन्हाळ्याआधी शेड हवे होते. उशिरा आलेल्या नकाराची खरी किंमत ती होती आणि ती कोणीही भरून दिली नाही. शिक्षकाला भरून देता येण्यासारखीही नव्हती.

संक्रांतीला मावसभाऊ तिळगूळ द्यायला आला नाही. मावशी दोन महिने फोनवर तुटक बोलली, मग एक दिवस सुनेला स्वतःहून फोन करून म्हणाली, “तुझा काही दोष नव्हता गं, मला त्यानं सांगितलं.” गुढीपाडव्याला मावसभाऊ घरी आला, जेवला, कामाचे बोलला, त्या विषयावर कोणी काही काढले नाही. शिक्षकाचे घरकर्ज जूनमध्ये मंजूर झाले. हातउसन्याचे चार हप्ते वेळेवर आले, पाचवा तीन आठवडे उशिरा आला, आणि उशीर होणार हे मावसभावाने मुदतीच्या चार दिवस आधी फोन करून सांगितले होते. सहावा यायचा आहे.